परमिट रूममधलं ताट

जळगावहून धुळ्याला निघालं की एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचत राहायची मला सवय आहे. त्यातली एक पाटी पुन्हा पुन्हा येते. नाव बदलतं, मजकूर तोच. वर एखाद्या देवाचं किंवा मालकाच्या मुलीचं नाव, मध्ये ठळक अक्षरांत 'फॅमिली गार्डन रेस्टॉरंट' आणि खालच्या ओळीत 'परमिट रूम'. शहरात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बारची पाटीही अशीच असते. फक्त तिथे गार्डन म्हणजे चार कुंड्या.

नीट वाचली तर ही पाटी स्वतःशीच भांडते. 'फॅमिली' म्हणते, या, सगळे या. 'परमिट' म्हणतं, थांबा, परवाना आहे का? खान्देशातल्या बारचं सगळं चरित्र मला या भांडणात दिसतं. आपण पुस्तकांची, सिनेमांची, वेब सिरीजची परीक्षणं लिहितो. ज्या जागेत गावातली निम्मी पुरुष मंडळी रविवारची संध्याकाळ काढतात, तिच्या वाट्याला मात्र मोबाइलवरचे चार तारे आणि 'टेस्ट मस्त, सर्व्हिस स्लो' एवढंच येतं. म्हणून हे परीक्षण. ते दारूचं नाही. ते ताटाचं आहे आणि खुर्चीचं आहे.

परवान्याची खोली

'परमिट रूम' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. तो आला १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. या कायद्याच्या नजरेत दारू पिणं हा मुळात गुन्हा, आणि परवाना म्हणजे त्यातून दिलेली सूट. सुरुवातीला तर प्रकृतीच्या कारणावर परमिट मिळवावं लागे. पुढे बंदी सैल झाली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परमिट लागतं, बियर आणि वाइनला वयाची २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. १९६० साली गुजरात वेगळा झाला तो हाच कायदा घेऊन. त्यांनी बंदी ठेवली, आपण परमिट ठेवलं. नवापूरच्या स्टेशनात प्लॅटफॉर्मचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तिथे हा फरक पायी चालून पाहता येतो.

इंग्रजीत अशा जागेला 'पब' म्हणतात, म्हणजे पब्लिक हाउस, लोकांचं घर. आपल्याकडे तिचं नाव परवान्याची खोली. नावातच लाज भरलेली असली की जागाही तशीच बांधली जाते. काळ्या काचा, मंद दिवे, रस्त्याकडे पाठ केलेलं दार. आत काही वाईट चाललेलं असतं म्हणून नव्हे, बाहेरून कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. या कायद्यात गिऱ्हाइकाचं वय आहे. गिऱ्हाईक बाई की पुरुष, याबद्दल अट नाही. म्हणजे जळगावच्या एखाद्या परमिट रूममध्ये समोरच्या टेबलवर बाई दिसत नाही, ते कायद्यामुळे नाही.

'फॅमिली वर आहे'

जळगावातल्या आमच्या भागातल्या बारमध्ये आम्ही रविवारी गेलो. मामेभाऊ, वहिनी आणि मी. रविवारच, कारण आमच्याकडे वारांचं गणित असतं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. पाळणाऱ्यांचे वार वजा केले की बारच्या मालकाच्या हाती आठवड्याचे तीन-चार दिवस उरतात. श्रावणात तेही नाहीत. म्हणून रविवारी सात वाजता खालचा हॉल भरलेला होता.

दारात पाय ठेवताच वेटर म्हणाला, "ताई, फॅमिली वर आहे." आम्ही काही विचारलं नव्हतं. फॅमिली ही माणसं नसून जागा आहे, हे इथे कळतं. जिन्यानं वर गेलं की प्लायवूडच्या पार्टिशननं केलेल्या चार खोल्या. प्रत्येकीला मरून रंगाचा पडदा, टेबलवर बेल, आणि ती वाजवल्यावर बऱ्याच वेळानं येणारा माणूस. खाली पंखे, टीव्हीवर क्रिकेट, कापसाच्या भावावर चाललेला वाद. वर शांतता आणि फिनेलचा वास.

आता ताट. खान्देशातल्या बारचं मोजमाप शेवभाजीवर करावं, असं माझं मत आहे. कारण ती लपवता येत नाही. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलंय की नाही, हे रश्श्याच्या रंगावर कळतं. तो रंग मिरची पावडरनं आणला असेल तर तिखट पहिल्याच घासाला जिभेवर चढतं. मसाला भाजण्यातून आला असेल तर आधी खमंगपणा लागतो, तिखट मागून येतं आणि नाकात थांबतं. दुसरी कसोटी शेवेची. जाड, तिखट शेव रश्श्यात अगदी शेवटी पडली पाहिजे. लवकर पडली तर तिचा लगदा होतो, मग तुम्ही बेसनाचं पिठलं खाताय. तिसरी कसोटी तर्रीची. ती वर तरंगायला हवी, भाजी तिच्यात बुडायला नको.

या तिन्ही कसोट्यांवर तो बार उतरला. फक्त खालून वर येईपर्यंत शेव मऊ पडली होती. त्याच कढईतली भाजी हॉलमधल्या माणसाला कुरकुरीत मिळाली असणार. फॅमिली सेक्शनची किंमत बिलात नाही, शेवेत लागते.

भरीतही घेतलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. हे वांगं हिरवट, लांबट, कमी बियांचं. थंडीत शेतावर तुराट्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात सैल सोडून तेल. बारमध्ये वांगं गॅसवर भाजलं होतं, धुराचा वास नव्हता. पण ठेचलेलं होतं, मिक्सरमध्ये फिरवलेलं नव्हतं. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं ते करडं पीठ. भाकरी पातळ, गरम आणि कडेला किंचित करपलेली, जशी हवी तशी.

शहरातल्या ज्या रेस्टॉरंटांत परमिट रूम नाही, तिथलं मेन्यूकार्ड आठवून पाहा. पनीर टिक्का, पनीर हंडी, व्हेज कोल्हापुरी, मंचुरियन. शेवभाजी असलीच तर शेवटच्या पानावर. याला साधं कारण आहे. घरी होत नाही ते खायला कुटुंब बाहेर पडतं, म्हणून रेस्टॉरंट पनीर करतं. बारमध्ये येणारा माणूस पदार्थाच्या नवलाईसाठी येत नाही. त्याला बसायचं असतं, आणि बसण्यासोबत तिखट, खारं, ओळखीचं काहीतरी हवं असतं. तो शेतकऱ्याचा मुलगा असतो, त्याला भाजलेलं खोबरं आणि न भाजलेलं खोबरं यातला फरक कळतो. भाजी बिघडली तर तो पुढच्या रविवारी शेजारच्या बारमध्ये जातो. म्हणून गावाची चव दारूच्या आधारानं टिकून राहिली. आपल्या जिल्ह्याचं जेवण बाहेर बसून नीट खायचं असेल, तर बहुतेक वेळा परमिट रूममध्येच जावं लागतं.

ही आनंदाची गोष्ट वाटते, जोवर तुम्ही विचारत नाही की तिथे कोण जाऊ शकतं.

हात धुवायला मागच्या बाजूला गेले तेव्हा भटारखान्याचं दार उघडं होतं. आत दोन पुरुष आचारी गॅसवर. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, चुलीपुढे एक बाई बसली होती. पन्नाशीची. हातावर भाकरी थापत होती, एकामागून एक, मान वर न करता. त्या बारमधला सर्वांत चांगला पदार्थ तिच्या हातचा होता. ती मागच्या दारानं येते आणि मागच्या दारानं जाते. पुढच्या दारानं आलेल्या आम्ही दोघी पडद्यामागे होतो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं तिची भाकरी खात होती, आणि त्यांत एकही बाई नव्हती.

प्याला दिसतो, ताट दिसत नाही

या जागेबद्दल साहित्यानं काय सांगितलंय, ते पाहायला गेलं की मधला मोठा भाग रिकामा सापडतो.

एका टोकाला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. गडकरी गेल्यावर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. हुशार वकील सुधाकर, त्याच्या हाती प्याला देणारा तळीराम, आणि दळण दळून घर चालवणारी सिंधू. शंभर वर्षं आपण दारूकडे या नाटकाच्या डोळ्यांनी पाहतोय. पहिला प्याला म्हणजे घसरगुंडीची पहिली पायरी. नाटक मोठं आहे, आणि दारूनं घर कसं खाल्लं जातं याबद्दल ते खोटं बोलत नाही. पण त्यातल्या तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात पुरुष बसतात आणि बाई घरी भोगते, ही जी मांडणी झाली, ती आपल्या डोक्यात कायमची बसली. गंमत अशी, की ती भोगणारी सिंधूही रंगवली बालगंधर्वांनी. दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या बाईच्या नाटकात रंगमंचावर बाई नव्हती.

दुसऱ्या टोकाला साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५चा, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. या लेखनानं पांढरपेशी मराठीला हादरवलं, ते हवंच होतं. पण तिथे दारू आली ती नाक्याच्या, फूटपाथच्या, उद्ध्वस्त शहराच्या जगाचा भाग म्हणून. एकीकडे अधःपतन, दुसरीकडे विद्रोह. मधे जे उरतं, म्हणजे रविवारी दोन बियर, एक शेवभाजी, चार भाकऱ्या आणि साडेनऊला घरी, त्याला मराठीत फारशी भाषाच मिळाली नाही.

खान्देशच्या लेखनात जेवणाची जाण कमी आहे असंही नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत चूल आणि जातं आहे. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तला खान्देशी पांडुरंग पुण्याच्या होस्टेलवर मेसचा सेक्रेटरी होतो आणि त्या व्यवहारात हात पोळून घेतो. चूल कवितेत आली, मेस कादंबरीत आली. पण तीच भाकरी परमिट रूमच्या टेबलवर गेली की आपण मान वळवतो. जिथे आपण मान वळवतो तिथली भांडणंही आपल्याला दिसत नाहीत, आणि पडद्यामागच्या खोल्याही.

सरकारलाही बारमधली बाई दोनच रूपांत दिसली. एक नाचणारी, दुसरी रडणारी. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. त्या सगळ्या वर्षांत बार आणि बाई हे दोन शब्द एकत्र आले की चर्चा नाचाचीच होती. भाकरी थापणारी त्या चर्चेत नव्हती. भाकरी खायला आलेली तर नव्हतीच.

धुळ्याबाहेर, हायवेवर

याच्या उलट चित्र मी धुळ्याबाहेर पाहिलं. माझी मोठी बहीण देवपूरला राहते. एका शनिवारी ती, भाऊजी आणि मी महामार्गावरच्या एका बारमध्ये जेवायला गेलो. भाऊजी शनिवार पाळतात, दारूला शिवत नाहीत. ते शुद्ध शेवभाजी खायला आले होते आणि गाडीही तेच चालवणार होते.

धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांची चौफुली. तिथल्या मोकळ्या अंगणात सगळं एकत्र होतं. बाजेवर ट्रक ड्रायव्हर, एका टेबलवर गुजरात पासिंगच्या गाडीतून उतरलेलं कुटुंब, मांडीवरच्या बाळाला खिचडी भरवणारी आई, आणि हातभर अंतरावर बियर घेऊन बसलेले दोन मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. आम्हाला कुणी 'वर फॅमिली आहे' म्हणालं नाही. वर काही नव्हतंच. भाजी जळगावपेक्षा साधी होती, रंग थोडा मिरचीचाच होता. पण शेव कुरकुरीत होती, कारण ती कढईतून थेट आमच्यापुढे आली.

फरक कशानं पडला? हायवेवर सगळे परके असतात. गल्लीतल्या बारमध्ये सगळे ओळखीचे. गल्लीतल्या बारमध्ये बाई बसत नाही ती भीतीनं कमी, आणि ओळखीमुळे जास्त. तिथे तुमचे सर असतात, वडिलांचे मित्र असतात, सासरकडचा एखादा लांबचा दीर असतो. तुमचं बिल येण्याआधी तुमची बातमी घरी पोचते. पडदा तिच्या सोयीसाठी लावला, असं सगळे म्हणतात. खरं तर तो हॉलमधल्या पुरुषांच्या सोयीचा असतो. त्यांनाही आपण इथे दिसलेलो नको असतो.

तरी हायवेवरच्या बारला मला जास्त गुण देता येत नाहीत. तिथून परत गाडी चालवत जावं लागतं, आणि प्रत्येक टेबलवर आमच्या भाऊजींसारखा माणूस नसतो. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं, त्यामागे रस्त्यांवरच्या मृत्यूंचाच विचार होता. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी नंतर हे अंतर २२० मीटर झालं. मग शहरांतून जाणारे रस्तेच पालिकांकडे वर्ग करायची राज्यभर धडपड झाली, आणि जळगावातही त्यावरून वाद पेटला. बार वाचवण्यासाठी रस्त्याची जात बदलण्याची तयारी होती. त्याच बारमधली बसायची व्यवस्था बदलावी, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

चालत जाऊन चालत घरी येता येईल, असा बार गल्लीतलाच. म्हणून सुधारायचा असेल तर तोच सुधारावा लागेल.

आडवी बाटली

यावर एक उत्तर तयार असतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. महाराष्ट्रात गावातलं दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. गावोगावच्या बायकांनी हे मतदान घडवून आणलंय, तासन्‌तास रांगेत उभं राहून. पगार घरी न पोचणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. माझ्यासारखीनं खुर्चीचा हक्क मागावा आणि दुसरीनं दुकानच बंद करायला सांगावं, यात विरोध आहे, आणि तो मी झाकणार नाही.

पण दोघींच्या तक्रारीचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं. जिथे काय चालतं ते घरातल्या निम्म्या माणसांना पाहताच येत नाही, अशी जागा. दार काळ्या काचेचं, बिल खिशात, किती झाली ते फक्त वेटरला माहीत. भांडण दारूशी आहेच, पण या आडोशाशीही आहे. सगळं घर ज्या टेबलावर बसतं, तिथे चौथा पेग मागवणं अवघड जातं. मी हे व्यसनमुक्तीचा उपाय म्हणून सांगत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. एवढंच म्हणतेय, की आडोसा हा पिणाऱ्याचा मित्र असतो, घराचा नाही.

जॉर्ज ऑर्वेलनं १९४६च्या फेब्रुवारीत लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या आवडत्या पबवर एक छोटा लेख लिहिला होता. त्या पबची त्याला सर्वांत आवडणारी गोष्ट दारू नव्हती, मागची बाग होती. बागेमुळे सगळं कुटुंब तिथे येऊ शकतं, नाहीतर बाई मूल सांभाळत घरी आणि नवरा एकटा बाहेर, असं त्याचं म्हणणं. लेखाच्या शेवटाकडे तो सांगून टाकतो, की असा पब अस्तित्वातच नाही. आपल्याकडे पाट्यांवर 'फॅमिली' आणि 'गार्डन' दोन्ही शब्द आधीच लिहिलेले आहेत. ऑर्वेलला कल्पनेत रचावं लागलं ते आमच्या पेंटरनं कधीच रंगवून ठेवलंय. फक्त पाटी खरी करायची बाकी आहे.

तर माझा निकाल असा. जळगावच्या त्या बारला भाजण्याचे, भाकरीचे आणि ठेचलेल्या भरताचे पूर्ण गुण. खान्देशचं जेवण त्यानं सांभाळलंय, आणि हे काम मानांकनाच्या प्रमाणपत्रापेक्षा मोठं आहे. बसण्याच्या व्यवस्थेला शून्य. त्यासाठी नवं बांधकाम लागत नाही. खालच्या हॉलमधले दिवे वाढवा, दाराची काळी काच काढा, आणि बाई दारात आली की जिन्याकडे बोट दाखवू नका. एखाद्या रविवारी मी आईला घेऊन खालीच बसेन. तिला दारूशी घेणंदेणं नाही, पण शेव कधी टाकली हे ती पहिल्या घासाला सांगेल. आणि भाकरी कुणी केली, हे ती विचारल्याशिवाय राहणार नाही.